दाव्याविना आलेले इंजिन

आमच्या गावचे लटारू दोनाडकर हे जन्माने शेतकरी होते, अंगाने शेतकरी होते आणि त्यांची चालसुद्धा नांगरामागून चालणाऱ्या माणसाची होती. तथापि या तिन्ही पुराव्यांवर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता. ते डायवर होते. चांदा जिल्ह्यात, ब्रह्मपुरीच्या अलीकडे, नागभीडच्या वाटेवरच्या आमच्या लहानशा गावात एकच मोटार होती आणि ती चालवता येणारा एकच माणूस होता. त्यामुळे गावातला सर्वांत चांगला डायवर कोण, याविषयी कधी वाद झाला नाही.

मोटार मालगुजार भैयाजींची होती. मालगुजारी सरकारने काढून घेतली त्याला त्या वेळी तीन वर्षे होत आली होती. गावाचे मालक आता गावाचे मालक राहिले नव्हते. परंतु मोटारीचे मालक होते. सरकारने मोटार का सोडली, हे ज्याने ती मोटार पाहिली होती त्याला समजावून सांगावे लागत नसे.

ती भैयाजींच्या वडिलांनी लढाईच्या आधी घेतलेली होती. मैल मोजणारे आकडे दोनदा शेवटापर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर आले होते, आणि तिसऱ्यांदा तेवढे श्रम नकोत म्हणून मधेच थांबले होते. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा भैयाजींनी मोटारीच्या पाठीवर लोखंडी शेगडी बसवून घेतली. तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा. त्याचा गॅस नळीने इंजिनात जाई आणि इंजिन त्यावर चाले. लढाई संपली, पेट्रोल आले, बाकी सर्वांनी शेगड्या काढून टाकल्या. भैयाजींनी काढली नाही. कोळसा त्यांच्या जंगलातून फुकट येत होता, आणि फुकट आलेल्या वस्तूने नुकसान होते असे त्यांना कोणी शिकवले नव्हते. अशा रीतीने पुष्कळ वर्षे ते इंजिन राख खात राहिले.

लटारूभाऊ खाकी कोट घालत. लग्नकार्यात ते गादीवर बसत, पाटलाच्या शेजारी. शेतात मात्र ते उतरत नसत, कारण त्यांचे हात आता स्टेअरिंगचे झाले आहेत असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची धानाची शेती त्यांच्या पत्नी गुणाबाई पाहत. रोवणीच्या दिवसांत गुणाबाई गुडघाभर चिखलात वाकलेल्या असत आणि लटारूभाऊ बांधावर उभे राहून रोवणी सरळ रेषेत होत आहे की नाही ते पाहत. रस्त्याची नजर असलेल्या माणसाला रेषा लगेच कळते, असे ते सांगत.

"रेषा कळते, तर चिखल काऊन कळत नाई?" असे गुणाबाई विचारत. हा प्रश्न त्यांनी बरीच वर्षे विचारला.

पुढे एका माघ महिन्यात भैयाजी तहसीलदारांना भेटायला ब्रह्मपुरीला गेले, आणि परतीच्या वेळी कचेरीच्या समोरच इंजिनाच्या पोटात काहीतरी मोडले. मोठा आवाज झाला, काळा धूर निघाला आणि मोटार थांबली. कचेरीतले कारकून, पक्षकार आणि चहावाला असे सगळे बाहेर येऊन पाहू लागले. भैयाजींनी त्या दिवशी जितकी माणसे आपल्याकडे पाहताना पाहिली तितकी मालगुजारी गेल्यापासून पाहिली नव्हती. शेवटी एक बैलजोडी भाड्याने बोलावून मोटार गावापर्यंत ओढत आणावी लागली. लटारूभाऊ संपूर्ण वाटेत स्टेअरिंगला बसून होते. ते वळणावर हात दाखवत होते, उतारावर ब्रेक दाबत होते, आणि समोरून कोणी आले तर बैलांच्या आधी तेच भोंगा वाजवत होते. बैल प्रत्येक भोंग्याला बुजत. गाडीवानाने त्यांना दोनदा विनंती केली आणि तिसऱ्यांदा केली ती विनंती नव्हती.

दुसऱ्या दिवशी भैयाजींनी निकाल दिला. आमच्याकडे सालदार गडी अक्षयतृतीयेला ठरतात. त्याच्या थोडे आधी आरमोरीला भैयाजींच्या मुलाचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होते. त्या दिवशी मोटार सोयऱ्यांच्या दारात उभी राहिली पाहिजे, असे ते म्हणाले. राहिली तर लटारू डायवर. नाही राहिली तर मोटार भंगारवाल्याला, आणि लटारूने अक्षयतृतीयेपासून त्यांच्या नांगरावर यावे. इंजिन कुठून आणायचे, हे मात्र त्यांनी लटारूभाऊंच्या मर्जीवर सोडले. भैयाजींचा स्वभाव या बाबतीत फार मोकळा होता. ज्यात स्वतःचे काही जात नाही, त्यात ते दुसऱ्याला पूर्ण मोकळीक देत.

नांगराची गोष्ट ऐकून लटारूभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. नांगर धरायला त्यांना लाज वाटत होती असे नव्हे. परंतु ज्या गावात त्यांना डायवरभाऊ म्हणत, त्याच गावात त्यांना उद्या "ए लटारू" म्हणून हाक मारणार, आणि ती हाक मारणारी माणसे कोण कोण असतील हे त्यांना नावानिशी माहीत होते.

ब्रह्मपुरीच्या धानगिरणीत दादाजी नावाचे एक मिस्त्री होते. गिरणीचे ऑइल इंजिन ते सांभाळत, आणि गिरणीच्या बाहेरच्या कोणत्याही यंत्राविषयी त्यांचे मत तयार असे. त्यांना बोलावण्यात आले. त्यांनी इंजिनाचे डोके उघडले, आत बोट घातले, काळे झालेले बोट सर्वांना दाखवले आणि म्हणाले, "डायवरभाऊ, हे इंजिन नाई. चूल हाय. याच्यावर भात रांधा."

दुसरे इंजिन पाहिजे होते. शोध चालू असताना धानोऱ्याकडून मोहफुले घेऊन आलेल्या एका गाडीवानाने सांगितले की तिकडे जंगलातल्या एका गावात सुकलू नावाच्या गोंड शेतकऱ्याच्या अंगणात लॉरी उभी आहे. लाकडाच्या कोण्या ठेकेदाराची ती लष्करी लॉरी नाल्यात उलटली होती. ठेकेदार ती तशीच टाकून निघून गेला. सुकलूने तिला बैल लावून बाहेर काढली आणि घरी आणली, कारण इतके लोखंड नाल्यात ठेवणे त्याला बरे वाटले नाही. दादाजींनी चाकांची आणि पुढच्या जाळीची खूण विचारून घेतली आणि सांगितले की लॉरी व मोटार एकाच कंपनीच्या आहेत, तेव्हा भोके जुळतील.

सुकलू नोटा घेणार नव्हता. त्याला बैल हवा होता. भैयाजींनी उदार मनाने आपली गाडी आणि आपली बैलजोडी इंजिन आणण्यापुरती दिली. जो बैल द्यायचा होता, तो मात्र लटारूभाऊंच्या गोठ्यातला होता. गुणाबाईंच्या बापाने लग्नात जी गाय आंदण दिली होती, तिच्या पोटचा तो चांद्या. गुणाबाई त्या वेळी दोन दिवसांसाठी माहेरी गेल्या होत्या. लटारूभाऊंनी हा दिवस निवडला, यावरून त्यांच्याजवळ विचारशक्ती नव्हती असे म्हणता येणार नाही. चांद्याला गाडीच्या मागे बांधून ते आणि दादाजी निघाले.

सुकलूच्या अंगणात लॉरी चाकांपर्यंत मातीत रुतलेली होती. डायवरच्या जागेवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. लटारूभाऊंना पाहूनही ती उठली नाही. त्यांना ते लागले.

मग दोन्ही बाजूंनी परीक्षा झाली. सुकलूने चांद्याचे दात पाहिले, खांदा दाबला, त्याला अंगणात फिरवले. दादाजींनी इंजिन साफ केले, सोबत आणलेली बॅटरी जोडली, पेट्रोल घातले आणि हॅण्डल मारला. इंजिन पुष्कळ वेळ खोकले आणि एकदम सुरू झाले. कोंबडी तेव्हा उठली. सुकलूची बायको सुकरी घरातून बाहेर आली, तिने इंजिनाकडे पाहिले, चांद्याकडे पाहिले आणि चांद्याला पाणी पाजायला घेऊन गेली. व्यवहार पसंत पडल्याची ती खूण होती.

आता एक रीत सांगणे जरूर आहे. आमच्याकडे जनावर देताना त्याच्या गळ्यातले दावे देत नाहीत. जनावर जाते, दावे घरी राहते. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते अशी समजूत आहे. घेणारा आपले दावे घेऊन येतो. त्याप्रमाणे लटारूभाऊंनी चांद्याच्या गळ्यातले अंबाडीचे दावे सोडले आणि आपल्या खांद्यावर टाकले. सुकलूने आपले दावे आणून बांधले.

त्यानंतर सुकलू इंजिनाकडे गेला. त्याने ते चारी बाजूंनी पाहिले. दाव्यासारखी दिसणारी एकच वस्तू त्याला आढळली. ती म्हणजे पुढचा पंखा फिरवणारा रबरी पट्टा. तो त्याने काढला, धूळ झटकली आणि घरात नेऊन खुंटीला टांगला.

"पट्टा काऊन काढला, दादा?" लटारूभाऊंनी विचारले.

"तुमी तुमचं दावं ठेवलं, मी माझं ठेवलं," सुकलू म्हणाला. "तुमचा कोंदा मले भेटला, माझा कोंदा तुमाले भेटला." बैलाला त्यांच्या बोलीत कोंदा म्हणतात.

या ठिकाणी डायवर म्हणून लटारूभाऊंनी हरकत घ्यायला हवी होती. पट्टा नाही तर पंखा नाही, आणि पंखा नाही तर इंजिन तापते, हे त्यांना ठाऊक होते. परंतु त्या क्षणी डायवर तिथे नव्हताच. तिथे उभा होता तो शेतकरी, आणि त्याला ही गोष्ट इतकी न्यायाची वाटली की त्याने मान डोलावली. दादाजींचे सारे आयुष्य पट्ट्यांच्या सहवासात गेले होते. तेही म्हणाले की दुसऱ्याच्या घरचे दावे मागून नेणे बरे नव्हे, आपले घरी काहीतरी गवसेल. अशा प्रकारे दोन यंत्रकुशल माणसे एक चालते इंजिन घेऊन आणि ते चालते ठेवणारी वस्तू मागे ठेवून, समाधानाने परत आली.

गुणाबाई माहेरून आल्या होत्या. खांद्यावर मोकळे दावे घेऊन आलेला नवरा पाहिल्यावर शेतकऱ्याच्या घरात फारसे विचारावे लागत नाही. तरी त्यांनी विचारले, "बैल कुठी हाय?"

लटारूभाऊंनी गाडीकडे बोट दाखवले. "त्याच्यात चाळीस घोड्यायची ताकद हाय."

"मले एक बैल पायजे होता," गुणाबाई म्हणाल्या. "चाळीस घोडे कोन मांगतले होते?"

त्यानंतर त्यांनी गोठ्यात जाऊन एकट्या पाखऱ्यासमोर वैरण टाकली. जोडीतला एक बैल म्हणजे अर्धी जोडी नव्हे. त्याने अर्धा नांगर चालत नाही. त्याने काहीच चालत नाही. आता आरमोरीला मोटार पोचली नाही तर लटारूभाऊंना परक्याच्या नांगरावर जायचे होते, आणि घरच्या नांगराला तर बैलच उरला नव्हता.

इंजिन बसवण्याचे काम भैयाजींच्या अंगणातल्या चिंचेखाली झाले. भोके जुळली, कारण ती जुळतील असे दादाजींनी सांगितले होते. उंची जुळली नाही, कारण उंचीविषयी ते बोलले नव्हते. इंजिन मोटारीच्या झाकणापेक्षा वर आले. मग झाकण काढून टाकले. खाली सागाचे ठोकळे लावले. शेगडीही काढली. उघड्या इंजिनाची ती मोटार समोरून पाहिली तर दात दाखवणाऱ्या माणसासारखी दिसत असे. भैयाजींनी ती पाहिली आणि विचारले की सोयऱ्यांच्या दारात ही अशीच उभी राहणार काय. दादाजी म्हणाले की नवीन तऱ्हेच्या मोटारी अशाच येतात. भैयाजींनी नवीन तऱ्हेच्या मोटारी पाहिल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचे समाधान झाले.

राहिला पट्टा. ब्रह्मपुरीच्या एका दुकानदाराने नागपूरहून मागवून देतो म्हणून सांगितले. पण तो येईपर्यंत साक्षगंध होऊन पाळणा हलला असता. शिवाय लटारूभाऊंचे म्हणणे असे की रीतीप्रमाणे दावे घेणाऱ्याच्या घरचे पाहिजे. म्हणून त्यांनी चांद्याच्या गळ्यातले तेच अंबाडीचे दावे घेतले, त्याची दोन टोके एकमेकांत विणली आणि पंख्यावर चढवले. ते घसरू लागले. दादाजींनी त्याला तेल लावले. ते अधिक घसरू लागले. मग राळ लावली. आता ते घसरेना; जळू लागले. दोन्हींच्या मधला एक सुवर्णमध्य काढून, आणि अंबाडीची आणखी काही दावी विणून सोबत घेऊन, इंजिन तयार झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्याला नारळ फोडला, हळदकुंकू लावले.

साक्षगंधाच्या दिवशी घरची मंडळी, नवरदेव आणि सामान बैलगाड्यांतून पहाटेच निघाले. भैयाजी मात्र मोटारीने उशिरा निघणार होते. सगळे जमल्यानंतर मोटार दारात यावी, अशी त्यांची योजना होती. नवा फेटा बांधून ते मागच्या जागेवर बसले. दादाजी पुढे बसले, पायांशी बादली घेऊन. लटारूभाऊंनी कोटाची सर्व बटणे लावली होती. चैत्राच्या अखेरचे ऊन होते.

ब्रह्मपुरीपर्यंत मोटार गेली. इंजिन खरोखरच जोरकस होते. त्याला लाकडाचे ओंडके ओढायची सवय होती आणि भैयाजींचे ओझे त्याला ओझे वाटत नव्हते. ब्रह्मपुरी मागे पडली आणि दावे जळाले. पाणी उकळले, समोरून वाफ निघाली, काही दिसेना. पहिल्याच गावाच्या विहिरीवर थांबावे लागले. नवे दावे चढवले, पाणी भरले, निघाले. पुढच्या गावी पुन्हा तेच. त्या वाटेवरची गावे पूर्वी भैयाजींनी धुळीतून पाहिली होती. आता त्यांना प्रत्येक गावची विहीर पाहायला मिळाली.

ही गावे त्यांच्याच जुन्या मालगुजारीतली किंवा त्यांच्या भाऊबंदांची. मोटार दिसली की एके काळी तिथले लोक बाजूला होऊन उभे राहत. आता ते बाजूला होण्याऐवजी जवळ येऊन उभे राहिले. कोणी चाकाच्या पत्र्यावर टेकून बसले. कोणी पाहुणचार म्हणून भैयाजींना पाणी दिले. तेही प्यावे लागले, कारण विहीर त्यांचीच होती. मुखरू नावाचे एक म्हातारे होते. त्यांचे वडील भैयाजींच्या वडिलांकडे वेठीला जात. ते विहिरीच्या काठावर बसून सर्व पाहत होते. दादाजींनी पाचव्यांदा बादली ओतली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मालक, पयले आमी तुमच्या दारात येत होतो. आता तुमची मोटार आमच्या विहिरीवर येते. बरं झालं, जाणंयेणं राह्यलं."

भैयाजींनी फेटा सारखा केला. दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

वैनगंगेवर पूल नव्हता. उन्हाळ्यात पात्र आटे आणि वाळूवर काड्या व तट्ट्या टाकून गाडीवाट केलेली असे. शेवटचे दावे तिथे पोचण्याच्या आधीच संपले होते. दादाजी म्हणाले की काठावर थांबू, इंजिन थंड होऊ देऊ, सांज पडेपर्यंत पोचू. लटारूभाऊ म्हणाले की सांजेला पोचलेली मोटार कोण पाहील. ही गोष्ट त्यांनी मालकांसाठी म्हटली असे भैयाजींना वाटले. वास्तविक ती त्यांनी स्वतःसाठी म्हटली होती. पलीकडचा काठ दिसत होता. काठाच्या वर आरमोरीची वाट होती, आणि त्या वाटेच्या टोकाला ते उद्याही डायवरच राहणार होते. त्यांनी मोटार वाळूत घातली.

अर्ध्या पात्रात इंजिन इतके तापले की सागाच्या ठोकळ्यांतून धूर येऊ लागला. तेव्हा लटारूभाऊंनी जे केले ते कोणताही डायवर करणार नाही आणि कोणताही शेतकरी करील. तापलेल्या बैलाला पाण्यात घालतात. त्यांनी तट्ट्यांची वाट सोडली आणि मोटार सरळ नदीच्या धारेकडे वळवली. पाणी चाकाला लागले. लागताच चाके खालच्या ओल्या वाळूत उतरू लागली आणि मोटार एखादी म्हैस बसावी तशी, घाई न करता, बसली. इंजिन बंद पडले. सगळीकडे शांत झाले. पाणी भैयाजींच्या पायांशी खेळू लागले.

वैनगंगेच्या वाळूत उन्हाळ्यात डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या असतात. एक ढिवर कोळी आपली डांगरे गाडीत भरून आरमोरीच्या बाजाराला निघाला होता. भैयाजी त्या गाडीवर बसून सोयऱ्यांकडे गेले. साक्षगंध तोपर्यंत आटोपले होते. मंडळी जेवायला बसली होती. फेट्याचा माणूस डांगरांवर बसून आलेला पाहून सोयऱ्यांनी समजून घेतले की जावयाकडच्यांनी फळे आणली आहेत, आणि गाडी उतरवून घेतली. त्या डांगरांचे भैयाजींना पुढे काय करावे लागले, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

अक्षयतृतीयेला सकाळी भैयाजींच्या ओसरीवर सालदार ठरवण्यासाठी गावातली माणसे जमली. मोटार बैलांनी ओढून आणलेली चिंचेखाली उभी होती. तिच्यातून वाळू अजून गळत होती. भैयाजींनी सांगितले की ठरल्याप्रमाणे मोटार इंजिनासकट भंगारात जाईल आणि लटारू नांगरावर येईल. लटारूभाऊ खाली मान घालून उभे होते. त्यांची ती मान पाहून भैयाजींना दया आली, किंवा दुसरा एक विचार आला. ते म्हणाले की, बरे, मोटार विकत नाही. इंजिनासकट दारात उभी राहू दे. लटारूला आपण डायवरच म्हणू. खाकी कोट त्याने घालावा. मोटार चालेपर्यंत त्याने फक्त नांगर धरावा.

लटारूभाऊंनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर आनंद दिसला. ते हो म्हणणार होते. शब्द ओठांपर्यंत आला होता, हे सर्व उपस्थितांनी पाहिले.

गुणाबाई बायकांच्या बाजूने पुढे आल्या. पदर त्यांनी डोक्यावर घेतलेला होता आणि आवाज खाली ठेवला होता. त्या म्हणाल्या की मालकांनी मोटार ठेवावी, विकावी, पुरावी. परंतु इंजिन त्या घेऊन जाणार आहेत.

भैयाजी म्हणाले की मोटार त्यांची, तेव्हा मोटारीतले सर्व त्यांचे.

"मालक, माहा बैल तुमच्या गोठ्यात शिरला, तर तो तुमचा होते का?"

भैयाजींनी आणि त्यांच्या वडिलांनी याच ओसरीवर बसून चुकलेल्या, शिरलेल्या, कोंडलेल्या जनावरांचे असंख्य निकाल दिले होते. गोठा ज्याचा त्याचा, जनावर धन्याचे, हे ते प्रत्येक वेळी म्हणत आले होते. आणि ज्यांना ते म्हटले होते ती सगळी माणसे समोर बसली होती. चांद्या गुणाबाईंच्या गाईचा होता हे सर्वांना माहीत होते. चांद्याच्या बदल्यात आलेले इंजिन कोणाचे, हे त्यामुळे विचारण्यासारखे राहिले नाही. भैयाजींनी चिंचेखालच्या मोटारीकडे पाहिले. मग म्हणाले, "घेऊन जा, बाई."

परंतु ते घेऊन जाणार कोण? दादाजी पाना घेऊन आलेले होते, पण डायवरने म्हटल्याशिवाय मोटारीला हात लावायला ते तयार नव्हते, आणि डायवर जागचा हलला नव्हता. इंजिन काढले की मोटार संपली, आणि मोटार संपली की डायवर संपला, असा त्याचा हिशेब होता. लटारूभाऊ बायकोजवळ गेले आणि हळू बोलले. परंतु ओसरी इतकी गप्प होती की ते सर्वांनी ऐकले.

"मोटार दारात उभी राह्यली, तं लोक मले डायवर म्हनतीन ना?"

"सकाळी नांगरावर जातानी म्हनतीन," गुणाबाई म्हणाल्या. "हासून."

हसणारी माणसे कोण कोण असतील हे लटारूभाऊंना माहीतच होते; त्यांतली चार तर तिथेच बसलेली होती. त्यांनी कोट काढला, घडी करून गुणाबाईंच्या हातात दिला आणि दादाजींकडे पाना मागितला.

इंजिन गुणाबाईंच्या विहिरीजवळ आणून बसवले गेले. दादाजींनी ब्रह्मपुरीच्या गिरणीतून टाकून दिलेला, धान कांडणारा एक जुना हलर आणला आणि दुरुस्त केला. आमच्या गावात तोपर्यंत सर्व धान बायका मुसळाने कांडत असत. जागेवर बसलेल्या इंजिनाला पंख्याची जरुरी नव्हती. विहिरीचे पाणी पिंपात भरून नळीने फिरवले की ते दिवसभर थंड राहत असे. बॅटरी भरायला ब्रह्मपुरीला पाठवावी लागे, तेवढेच. पुढच्या हंगामापासून पाच गावांतल्या बायका डोक्यावर धान घेऊन तिथे येऊ लागल्या. हलर गुणाबाई पाहत. पाखऱ्याला जोड मिळाली आणि नांगर पुन्हा घरचा झाला.

इंजिनाजवळ लटारूभाऊ बसत. त्यांनी एक स्टूल मागवून घेतले होते. ते कोटाची बटणे लावत, पाय समोर ठेवत आणि मागे वळून पाहत. धान घेऊन आलेल्या बायका उन्हातून चालून आलेल्या असत. त्यांतल्या काही बोलत उभ्या असत, काही सूप झटकत असत. त्या सगळ्या खाली बसल्याशिवाय लटारूभाऊ इंजिन सुरू करत नसत. एखादी मधेच उठली, तर ते मान न वळवता सांगत, "बाई, खाली बसा. गाडी चालू हाय." आणि त्या बसत.